'आधीपासूनचा आजार' : ही रेघ कोणी ओढली आणि कोणी सरकवली?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा. घरात कोणाला बीपी, शुगर, थायरॉइड असेल आणि कपाटात आरोग्य विम्याची पॉलिसी ठेवलेली असेल, तर अर्ध्यात सोडू नका.

आपल्या प्रताप नगरात विम्याची चर्चा दोन ठिकाणी ऐकू येते. एक म्हणजे सकाळी फिरून आल्यावर चहाच्या टपरीवर. तिथे सगळे निर्धास्त असतात. "आपलं दहा लाखांचं कव्हर आहे बाप्पा, टेन्शन नाही." दुसरं ठिकाण म्हणजे दवाखान्याचं बिलिंग काउंटर. तिथे आवाज खाली आलेला असतो. "भाऊ, कंपनी म्हणते हा आजार आधीपासूनचाच होता. क्लेम नामंजूर."

पत्रकार असल्यामुळे लोक असे नामंजुरीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्रिमूर्ती नगर, खामला, गोपाल नगर, जयताळा, कुठून कुठून. कागद वेगवेगळ्या कंपन्यांचे, पण शब्द तेच. प्री-एक्झिस्टिंग डिसीज. पीईडी. आणि लोकांचा प्रश्नही एकच. "साहेब, पैसे तर दरवर्षी भरले. मग हे मधातच कुठून आलं?"

हे मधातच आलेलं नाही. याला मोठा इतिहास आहे. आजार 'आधीचा' की 'नंतरचा' हे डॉक्टर ठरवत नाही. ती कागदावर, एका तारखेवर ओढलेली रेघ आहे. ही रेघ अनेकदा सरकली आहे. कधी विमेदाराच्या विरोधात, कधी त्याच्या बाजूनं. ती कोणी सरकवली हे कळलं की आपल्या हातातला कागदही नीट वाचता येतो. आणि या गोष्टीत आपल्या नागपूरचा वाटा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही.

सुरुवात लंडनपासून करावी लागेल, कारण विम्याचा कायदा तिथूनच आपल्याकडे आला.

१७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड नावाच्या न्यायाधीशापुढे एक खटला आला. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नरानं विमा काढला होता की परक्या शत्रूनं किल्ला घेतला तर भरपाई मिळावी. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कच्चा आहे हे तुला ठाऊक होतं, तू सांगितलं नाहीस, पैसे मिळणार नाहीत. या निकालात मॅन्सफिल्डनं जे तत्त्व मांडलं त्यावर आजही जगभरचा विमा चालतो. जोखमीची खरी माहिती बहुतेक वेळा विमा घेणाऱ्याकडेच असते, म्हणून त्यानं ती लपवू नये. आपल्याकडे याला 'परम सद्भावनेचा करार' म्हणतात.

आता गंमत पाहा. आज दावा नाकारताना याच तत्त्वाचा आधार घेतला जातो. पण मूळ खटल्यात जिंकला होता विमा घेणारा! मॅन्सफिल्डनं म्हटलं की हे बंधन दोन्हीकडून आहे. जी गोष्ट विमा देणाऱ्याला माहीत होती, किंवा चौकशी केली असती तर कळली असती, तिच्यासाठी दुसऱ्याला दोष देता येणार नाही. निकालातला हा अर्धा भाग कागदावर फारसा दिसत नाही.

पुढे जहाजं आणि किल्ल्यांसाठी घडलेला हा नियम माणसांच्या शरीराला लागू झाला. आणि हिंदुस्थानात त्याला एक वेगळंच वळण मिळालं. १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी सुरू झाली. ती आणि तिच्यासारख्या कंपन्या मुख्यतः युरोपीय लोकांसाठी होत्या. नंतर विदेशी कंपन्या हिंदी माणसांचा विमा उतरवू लागल्या, तेव्हा जादा हप्ता घेऊन. हिंदी आयुष्य म्हणजे कमी दर्जाचं आयुष्य, असा त्यांचा हिशोब होता. म्हणजे तुम्ही धडधाकट असा की आजारी, इथे जन्मलात हाच तुमचा 'आधीपासूनचा आजार'!

ही पहिली रेघ पुसली गेली मुंबईत. १८७० साली बॉम्बे म्युच्युअल लाइफ अश्युरन्स सोसायटी उभी राहिली आणि तिनं हिंदी माणसाला नेहमीच्या दरात विमा दिला. शरीर तेच, आयुष्य तेच, फक्त हिशोब करणारा बदलला. पीईडीच्या इतिहासातला पहिला धडा हाच आहे. जोखीम मोजणारा कोण, यावर जोखीम किती हे ठरतं.

आता नागपूरला येऊ. आज गांधीसागर तलावाजवळ जिथे एम्प्रेस मॉल आहे, तिथे एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई या मिलनं सुरू केली, तेव्हा देशात असा कुठलाही कायदा नव्हता. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की कामगाराला फंडात घेताना त्याच्या शरीराचा भूतकाळ खणला जात नव्हता. तो मिलमध्ये कामाला आहे, एवढं पुरेसं होतं.

हाच धागा पुढे कायद्यात आला. १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करायचं काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे आलं आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. नंतर पंजाबातली काही शहरं. आणि जुलै १९५४ मध्ये नागपूर. मुंबईचा नंबर लागला ऑक्टोबर १९५४ ला. आजच्या महाराष्ट्रात ईएसआय आधी आपल्या गावात आली आणि मग मुंबईत.

त्या योजनेत कामगाराला कोणी विचारलं नाही की तुला टीबी होता का, दमा आहे का, बापाला शुगर होती का. नोकरीला लागलास, वर्गणी कापली गेली, आता तुझ्यावर उपचार होतील. पहिल्या दिवसापासून. सोमवारी पेठेतल्या ईएसआय दवाखान्याला आपण नावं ठेवतो, रांगा आहेत, औषधं मिळत नाहीत. ते सगळं खरं. पण त्या दारावर भूतकाळाची झडती नाही, हेही तेवढंच खरं.

का नाही? तर तिथे माणूस एकटा दारात उभा नसतो. अख्खी मिल एकदम आत येते. धडधाकट, आजारी, तरुण, उतारवयातले, सगळ्यांची वर्गणी एकत्र. कोणी आजारी पडल्यावर धावत येऊन नाव नोंदवू शकत नाही, कारण नाव नोकरीबरोबर आपोआप नोंदलं जातं. मग विचारायचं कशाला?

इथे विमा कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. समजा काहीच विचारलं नाही आणि पॉलिसी ऐच्छिक ठेवली, तर लोक ऑपरेशनची तारीख ठरल्यावरच पॉलिसी घेतील. घराला आग लागल्यावर आगीचा विमा काढण्यासारखं ते. पैसे संपतील, हप्ते वाढतील, निरोगी माणसं बाहेर पडतील. ही भीती खोटी नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं ठरवलं की २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणावरून कोणालाही आरोग्य विमा नाकारायचा नाही. पण त्याबरोबर प्रत्येकानं विमा घ्यावा, नाही तर दंड भरावा, ही अटही ठेवावी लागली (दंड पुढे रद्द झाला). म्हणजे सूत्र तेच. सगळे आत असतील तर प्रश्न विचारायची गरज उरत नाही. एकेकटा माणूस दारात उभा राहिला की त्याचा भूतकाळ तपासला जातो.

आपल्याकडचा मध्यमवर्ग हा असा एकेकटा दारात उभा राहणारा वर्ग आहे.

त्याच्यासाठी आधी आला आयुर्विमा. जुन्या पॉलिसींत अशी कलमं असत की फॉर्ममधलं प्रत्येक उत्तर हाच कराराचा पाया. एखादं उत्तर चुकलं, मग ते किती का किरकोळ असेना, सगळी पॉलिसी रद्द. याला लगाम घातला १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानं. पॉलिसीला दोन वर्षं झाल्यावर केवळ चुकीच्या माहितीचं कारण देऊन ती मोडता येणार नाही. माणसानं महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून, फसवणुकीच्या हेतूनं लपवली, हे कंपनीनं सिद्ध करायचं. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, म्हणजे आपल्या रायगडच्या सीडींनी, रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली. २४५ कंपन्या आणि सोसायट्या तिच्यात आल्या. पण ४५ वं कलम तसंच राहिलं.

या कलमावरचा गाजलेला निकाल आपल्या जुन्या प्रांतातलाच आहे. नागपूर राजधानी असताना जबलपूरही याच प्रांतात होतं. तिकडच्या एका माणसानं १९४५ मध्ये २५ हजारांची पॉलिसी घेतली. त्या काळी ही मोठी रक्कम. १९४६ मध्ये तो वारला. चौकशीत निघालं की १९४३ मध्ये एका डॉक्टरकडे त्याच्यावर रक्तक्षय आणि सूज यांसाठी उपचार झाले होते, पण प्रस्तावात ते लिहिलं नव्हतं. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९६२ मध्ये निकाल लागला, तोवर कंपनीच्या जागी एलआयसी आली होती. कोर्टानं तीन कसोट्या सांगितल्या. लपवलेली गोष्ट महत्त्वाची हवी. ती फसवणुकीच्या हेतूनं लपवलेली हवी. आणि लपवताना माणसाला ती माहीत असायला हवी. या प्रकरणात तिन्ही लागू झाल्या. दावा तर गेलाच, भरलेला हप्ताही परत मिळाला नाही.

निकाल विमेदाराच्या विरोधात गेला, पण तिसरी कसोटी लक्षात ठेवा. माणसाला माहीत असायला हवं. कारण पुढे आरोग्य विमा आला तेव्हा नेमकी हीच कसोटी गायब झाली.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला. १०७ कंपन्यांच्या चार झाल्या. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. या चौघींनी १९८६ मध्ये आणली 'मेडिक्लेम'. तोवर सामान्य माणसाला स्वतःहून विकत घेता येईल असा आरोग्य विमा जवळपास नव्हताच. म्हणून मेडिक्लेमचं मोल मोठं. पण तिच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत अगदी पहिलं कलम होतं आधीच्या आजाराचं. पॉलिसी घेताना असलेला आजार कायमचा बाहेर. चार वर्षं नाही, आठ नाही, कायमचा. आणि जुन्या मजकुराचा आशय असा होता की आजार किंवा त्याची लक्षणं आधी असली की पुरे. ती त्या आजाराची लक्षणं आहेत हे माणसाला माहीत असो वा नसो. त्यातून पुढे गुंतागुंत झाली तर तीही आधीच्याच आजारात धरायची.

याचा अर्थ समजून घ्या. तुम्हाला १९९० मध्ये बीपी निघालं, १९९१ मध्ये पॉलिसी घेतली, २००५ मध्ये हार्ट अटॅक आला. पंधरा वर्षं हप्ते भरले. तरी कंपनी म्हणू शकत होती की हे मूळ बीपीचंच पिल्लू आहे. आजही कितीतरी घरांत "मेडिक्लेम म्हणजे लुटालूट" हे वाक्य ऐकू येतं. मला वाटतं, त्याची मुळं याच वीस-बावीस वर्षांत आहेत.

मग लोक कोर्टात गेले. कोणी जिंकलं, कोणी हरलं. पण प्रत्येक निकालानं रेघ थोडी हलली.

२००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की आधी क्लेमवरून वाद घातला म्हणून सरकारी विमा कंपनीला पॉलिसीचं नूतनीकरण मनमानीनं नाकारता येणार नाही. हे फार महत्त्वाचं. कारण नूतनीकरण नाकारलं की माणूस पुन्हा नव्यानं दारात उभा, आणि मधे झालेले सगळे आजार 'आधीचे' ठरले. त्याच सुमारास मुंबईकडून आलेल्या एका अपिलात कोर्टानं एलआयसीला समज दिली की दावे यांत्रिकपणे नाकारू नका.

२००९ चा निकाल उलटा. मेडिक्लेम घेताना मूत्रपिंडाचा जुना आजार सांगितला नव्हता. कोर्टानं कंपनीची बाजू धरली. विमा द्यायचा की नाही, किती हप्त्यात द्यायचा, यावर ज्या गोष्टीचा परिणाम होतो ती सांगायलाच हवी.

२०१५ मध्ये एका मराठी कुटुंबाचं अपील सुप्रीम कोर्टात होतं. विमेदार हृदयविकारानं वारला होता. एलआयसी म्हणत होती, त्यानं कमरेच्या मणक्याचा त्रास लपवला. कोर्टानं विचारलं, मणक्याच्या दुखण्याचा आणि हृदयविकारानं आलेल्या मृत्यूचा संबंध काय? जीवघेणा नसलेला, मृत्यूशी संबंध नसलेला त्रास सांगितला नाही म्हणून दावा बुडत नाही. कुटुंब जिंकलं.

आणि २०२१ चा निकाल. एक गृहस्थ परदेश प्रवासाचा विमा घेऊन अमेरिकेला गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच त्रास सुरू झाला. निघालं हृदयविकाराचं दुखणं. त्यांनी मधुमेह आधीच सांगितलेला होता, कंपनीनं तपासणीही करून घेतली होती. तरी दावा नाकारला. सुप्रीम कोर्टानं म्हटलं, तब्येतीची माहिती घेऊन, जोखीम तोलून तुम्ही पॉलिसी दिली. आता त्याच आजाराकडे बोट दाखवून मागे फिरता येणार नाही. १७६६ चा तो अर्धा विसरलेला निकाल अडीचशे वर्षांनी दिल्लीत पुन्हा ऐकू आला, असंच म्हणायला हवं.

कोर्टांबरोबर नियमही बदलत गेले. तारखा नीट पाहा, कारण तुमची पॉलिसी कधीची आहे यावर बरंच अवलंबून आहे.

२००८ मध्ये विमा कंपन्यांनी मिळून आधीच्या आजाराची एकच व्याख्या मान्य केली. 'कायमचा बाहेर' जाऊन तिथे ४८ महिने आले. सलग चार वर्षं पॉलिसी चालवली की जुना आजारही आत. ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी आली. कंपनी बदलली तरी जमा झालेली वर्षं बरोबर नेता येतात. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरणाचा हक्क दिला. २०१९-२० मध्ये व्याख्येतून 'लक्षणं' हा शब्द गेला. डॉक्टरनं निदान केलेलं हवं, किंवा सल्ला वा उपचार झालेले हवेत. म्हणजे 'माहीत असणं' ही १९६२ ची कसोटी बऱ्याच अंशी परत आली. त्याच वेळी ठरलं की सलग आठ वर्षं झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीनं जुने कागद उकरायचे नाहीत.

१ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत ही रेघ आणखी सरकली. आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने. आठ वर्षांच्या जागी पाच, म्हणजे ६० महिने. आयुर्विम्यात ४५ व्या कलमाची मुदत २०१५ मध्ये दोनाची तीन वर्षं झाली. पण तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणानं पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखाच विमा द्यावा, हे २०१७ च्या कायद्यात आहे.

'कायमचा' पासून तीन वर्षांपर्यंतचा हा प्रवास अडतीस वर्षांचा आहे. यातलं बरंचसं लोकांनी कागद जपले, तक्रारी केल्या, वकील लावले, तारखांना गेले, म्हणून मिळालं. हरलेल्यांचाही त्यात वाटा आहे.

या सगळ्यात पुन्हा एकदा नागपूर येतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये गडचिरोली, अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. २१ नोव्हेंबर २०१३ ला ती सगळ्या राज्याला लागू झाली आणि तो कार्यक्रम आपल्याच गावात झाला. सोनिया गांधी आल्या होत्या. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. २०२४ मध्ये फुले योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली, वर्षाला पाच लाखांपर्यंत. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मानचं कार्ड. या योजनांत आधीचा आजार पहिल्या दिवसापासून आत. पुन्हा तेच सूत्र. सगळे एकदम आत, म्हणून झडती नाही.

अडचणी आहेतच. ठरावीक दवाखाने, ठरावीक उपचार, कागदपत्रं. पण "ते गरिबांचं आहे, आपल्याला काय करायचं" असं म्हणणाऱ्या काका-काकूंना माझं सांगणं आहे की आधी कार्ड काढून ठेवा. ७२ वर्षांच्या, शुगर असलेल्या माणसाला बाजारात जी गोष्ट मोठा हप्ता भरून, तीन वर्षं थांबून मिळते, ती इथे आज मिळते.

खरा पेच मधल्यांचा आहे. पन्नाशी-साठीतले. खासगी नोकरीत ग्रुप पॉलिसी होती, तेव्हा कोणी काही विचारलं नाही, कारण तिथेही सगळे एकदम आत. नोकरी संपली त्या दिवशी कव्हर संपलं. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली तेव्हा कामगारांचं हेच झालं, आणि आज मिहानमधून किंवा पुण्याहून नोकरी सोडून घरी आलेल्यांचंही तेच होतं. तीस वर्षं गर्दीत सुरक्षित असलेला माणूस एका दिवसात एकटा दारात उभा. आता हातात बीपीच्या गोळ्यांची पट्टी आहे आणि समोर फॉर्म आहे.

त्या फॉर्मबद्दल बोलून संपवतो. आपल्याकडे एजंट बहुधा ओळखीचा असतो, भाचा, शेजारी, मुलाचा मित्र. तो म्हणतो, "काका, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी भरतो." आणि आजारांच्या रकान्यात सगळीकडे 'नाही', 'नाही', 'नाही' पडतं. हप्ता कमी येतो, पॉलिसी लवकर निघते, सगळे खूश. पण दोन-तीन वर्षांनी दवाखान्यात भरती झाल्यावर डॉक्टर विचारतात, बीपी कधीपासून? आपण खरं सांगतो, "दहा वर्षं झाली." ते केसपेपरवर लिहिलं जातं. आता कंपनीच्या हातात दोन कागद आहेत आणि दोन्हींवर तुमचंच नाव. असे कागद मी एवढे पाहिले आहेत की आता पहिलं पान वाचूनच शेवट कळतो.

म्हणून राजेहो, एवढं करा. फॉर्म स्वतः भरा, निदान समोर बसून भरून घ्या. बीपी, शुगर, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, सगळं सांगा. थोडा जास्त हप्ता पडेल, तीन वर्षं थांबावं लागेल, पण वेळ तुमच्या बाजूनं धावेल. लपवलं तर पाच वर्षं जीव टांगणीला, आणि फसवणूक ठरली तर त्यानंतरही. प्रस्तावाची प्रत मागून घ्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचा, पटली नाही तर परत करता येते. हप्ता चुकवू नका. पॉलिसी तुटली की जमा केलेली वर्षं जातात. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करा. नोकरी सुटणार असेल तर त्याआधीच, ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते विचारा.

आणि क्लेम नाकारलाच, तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. कारण आणि कलम लेखी मागा. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. नागपूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात जावं लागतं. तिथेही नाही जमलं तर ग्राहक आयोग आपल्या नागपुरातच आहे.

१९५४ मध्ये नागपूरच्या गिरणी कामगाराला जे न विचारता मिळालं, ते ७० वर्षांनंतरही प्रताप नगरातल्या साठीच्या माणसाला तीन वर्षं थांबून मिळतं. हे बदलायला हवं, आणि ते फॉर्मवर खोटं लिहून बदलणार नाही. प्रत्येक माणूस आत असेल असा विमा मागूनच बदलेल. निवडणुकीत मतं मागायला येतील तेव्हा रस्ता, नाली विचारा, आणि हेही विचारा.

कोणाकडे नामंजुरीचा कागद पडून असेल तर आधी त्यावरची तारीख पाहा. एक वर्ष झालं नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. आणि ही पोस्ट घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. त्यांच्याच सह्या असतात त्या फॉर्मवर.